साडेपंधराची गळपट्टी

माप घेणारं यंत्र आजवर कुणाच्या मानेपाशी अडलं नव्हतं. पोटापाशी मात्र नेमानं अडायचं. सुट्टीला आलेले पाहुणे मापखोलीत शिरले की पोट आत ओढून उभे राहत, आणि यंत्र अतिशय अदबीनं "कृपया श्वास सोडा" म्हणून जे थांबे, ते श्वास सुटेपर्यंत पुढे सरकत नसे. विशाखा कुबल काचेबाहेर उभी राहून हसू दाबायची. मान म्हणजे शेवटचं, दीड मिनिटाचं काम. त्या दिवशी यंत्र तिथंच थांबलं, आणि काचेपलीकडे बाकावर बसलेली होती तिची स्वतःची मुलगी, मृण्मयी.

पडद्यावर नाडीची रेघ छान उड्या मारत चालली होती. गळ्याभोवतीची चाचणीची पट्टी हळूहळू आवळत गेली तशी ती रेघ संथ झाली आणि मग सरळच झाली. विशाखाला वाटलं, तार निघाली. तिनं वाकून तार तपासलीसुद्धा. वर बघते तो मृण्मयी बाकावरून एका अंगाला कलंडत होती. डोळे अर्धे उघडे, चेहरा पांढराफटक.

पट्टी आपोआप सुटली. विशाखा दार ढकलून आत पोचेपर्यंत पोरगी उठून बसली होती आणि आपण कुठे आहोत ते आठवत होती.

"आये, काय झाला गो?"

"माका काय इचारतंस? तुका काय झाला ता सांग!"

"काय्येक नाय. सकाळपासून पोटात काय नाय माझ्या, म्हणान गरगरला." मृण्मयी हसली. "परत घे माप. असा धरून काय ऱ्हवलंस?"

विशाखानं तिचा दंड धरला होता, तो सोडला. बाहेर पडद्यावर लाल अक्षरं होती. हृदयाचा विराम साडेतीन सेकंद. मर्यादा तीन.

आता वेटसूट शिवायला माणसाची नाडी कशाला बघायची, असं एखाद्याला वाटेल. विशाखालाही पूर्वी वाटलं असतं. ती मूळची ब्लाउज शिवणारी. मालवणातल्या निम्म्या लग्नांतल्या करवल्या तिच्या हातचे ब्लाउज घालून उभ्या राहिलेल्या. पण गेल्या दहा-बारा वर्षांत समुद्र बदलला. पावसाळ्यानंतर खोलातलं थंड पाणी किनाऱ्याकडे वर चढायचं आणि काही आठवड्यांत उतरायचं, ते आता डिसेंबर उजाडला तरी उतरायचं नाव घेईना. वर अठ्ठावीस अंश आणि वीस मीटरखाली सतरा. पूर्वी चड्डी-बनियनवर बुडी मारणारे आपले डायव्हर खाली जाऊन दातखिळी बसवून वर येऊ लागले. किनारा मंडळानं मेलेल्या खडकांवर पुन्हा प्रवाळ लावायचं काम काढलं, त्या माणसांना रोज दोन-दोन तास त्या थंडीत बसावं लागे. तेव्हापासून गावात वेटसूटची दुकानं निघाली आणि विशाखानं ब्लाउजांचं कपाट आवरून हे यंत्र बसवलं.

वेटसूट माणसाला कोरडं ठेवत नाही, हे गिऱ्हाइकाला समजावण्यात तिचं अर्धं आयुष्य जायचं. तो थोडं पाणी आत घेतोच. अंग आणि रबर यांच्यामध्ये पाण्याचा पातळसा पापुद्रा अडकतो, अंगाच्या उबेनं तो तापतो, आणि तोच मग पांघरूण होतो. सूट सैल असला की हे तापलेलं पाणी हलल्याबरोबर निसटून जातं आणि गार पाणी आत येतं, म्हणजे अंग बिचारं समुद्र तापवत बसतं. "एक साइज मोठा द्या, मुलगा वाढत्या अंगाचा आहे" म्हणणाऱ्या आयांना ती हेच सांगे. हातमोज्याच्या टोकाला बोट पोचलं पाहिजे, बूट ओला झाल्यावर टाचेत हलता कामा नये, आणि मास्क पट्ट्याशिवाय तोंडावर ठेवून नाकानं श्वास ओढला तर तो चिकटून राहिला पाहिजे. पडला तर दुसरा घ्या, रंग कितीही आवडलेला असो.

यंत्राची करामत पुढची. खोल गेलं की पाण्याच्या दाबानं रबरातले बुडबुडे चेपतात, सूट पातळ होतो आणि नेमका थंडीत सैल पडतो. म्हणून नव्या सुटांत आकसणारा धागा विणलेला असतो. दाब वाढला की तो स्वतःहून आवळतो, वर आलं की सोडतो. ही सोय झाली तशी एक नवी भीती आली. मानेत, जिथं मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी दुभंगते, तिथं शरीरानं आपला दाबमापक बसवलेला असतो. बाहेरून तिथं कुणी आवळलं तर त्याला वाटतं, रक्तदाब वाढला. तो लगेच हृदयाला हळू चालायला सांगतो. बहुतेकांत हा निरोप सौम्य असतो. काहींत मात्र एवढा जोराचा, की हृदय दोन-चार सेकंद थांबूनच जातं. जमिनीवर असा माणूस मटकन खाली बसतो आणि पाणी पिऊन उठतो. वीस मीटरखाली त्याच्या तोंडातली हवेची नळी सुटते. म्हणून यंत्राच्या कंपनीनं गळ्याची चाचणी घातली होती, आणि मंडळाच्या कामावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या सुटाबरोबर या चाचणीचा दाखला जोडावा लागे.

चारशे अर्जांतून मंडळानं नऊ जण निवडले होते. मृण्मयी त्यातली एक. सोमवारी तिला हजर व्हायचं होतं.

समोरच्या टपरीवरून घावणे आणि चहा मागवला. मृण्मयीनं दोन घावणे उभ्या उभ्या गिळले आणि पुन्हा बाकावर जाऊन बसली. विशाखानं काचेला नाकच लावलं. पट्टी आवळली, रेघ संथ झाली, एक उडी चुकली. विशाखाच्या काळजाचीही चुकली. मग रेघ पुन्हा चालू लागली. विराम एक पूर्णांक दोन. हिरवी अक्षरं.

"बघलंस? भूक होती ती."

"होय गो," विशाखा म्हणाली.

पण हिरव्या अक्षरांखाली यंत्राचा एक प्रश्न राहिला होता. पहिल्या वेळी लाल आलेल्याला तो विचारला जाई. तिच्या दुकानात आजवर कुणाला लाल आलंच नव्हतं, त्यामुळे तिनं तो पहिल्यांदाच वाचला. 'हा दोष कधी दिसतो, कधी लपतो. तरुणांत क्वचित आढळतो, आणि आढळलाच तर बहुधा घराण्यातून येतो. रक्ताच्या नात्यात कुणाला मान आवळल्यानं भोवळ, किंवा पाण्यात कारण न कळलेला मृत्यू? होय. नाही.'

मृण्मयी खांद्यावरून डोकावली. "'नाही' दाब आणि मोकळी हो."

"तुझो बाबा?"

"बाबा बुडलो गो. कारण न कळाक काय झाला? सगळ्या गावाक कारण म्हायत आसा." हे ती इतक्या सवयीच्या कडवटपणानं म्हणाली की विशाखाला तिच्याकडे बघवेना.

"नेट गेला," विशाखा म्हणाली. नेट गेलं नव्हतं. "चार वाजता करूया. तू घराक जा, भात खा."

एक वाजत आला होता. मालवणात दुपारी एक ते चार दुकानं बंद, मग यंत्र कितीही नवं असो. मृण्मयी गेली. विशाखानं शटर अर्धं खाली ओढलं आणि त्या दोन शब्दांसमोर स्टूल घेऊन बसली.

रुपेश गेला त्याला अकरा वर्षं झाली. समुद्र शांत, पाणी बारा मीटर, टाकीत निम्मी हवा शिल्लक. पट्टीचा पोहणारा माणूस, पर्यटकांना हाताला धरून खाली मासे दाखवणारा. त्या दिवशी नांगर अडकला म्हणून एकटाच सोडवायला उतरला आणि तळाशी सापडला. कागदावर बुडून मृत्यू असं आलं. कागदाचं समाधान झालं तरी गावाचं होईना. शांत पाण्यात रुपेश कुबल बुडतो कसा? तर प्यायलेला असणार. चार दिवसांत 'असणार'चं 'होता' झालं. रुपेशनं आयुष्यात शिमग्यालासुद्धा थेंब घेतला नव्हता. पण विधवेच्या शब्दाला कोण विचारतो? मृण्मयी तेव्हा अकरा वर्षांची. बेवड्याची पोर हे नाव तिला शाळेत मिळालं, आणि ते धुवून काढायचं म्हणूनच ती पाण्यात उतरली, हे विशाखाला न सांगता कळत होतं.

आणि त्या दिवशी त्याच्या अंगात नवा सूट होता. विशाखानं शिवलेला.

माळ्यावरची पत्र्याची पेटी तिनं खाली काढली. सूट दवाखान्यात कात्रीनं उभा कापलेला होता. फेकून द्यायचा धीर झाला नव्हता आणि बघायचाही नव्हता, म्हणून तो अकरा वर्षं पेटीत होता. काळा, मिठानं पांढुरका झालेला. टाके मात्र अजून एकासारखा एक. तिनं गळपट्टीच्या कापलेल्या कडा भिडवल्या आणि मेजाशी बसून चार ठिकाणी ओढून शिवल्या. हात शिवत होते आणि मन कुठल्याशा देवाला सांगत होतं, की हे खोटं निघू दे.

गळपट्ट्या तपासायला यंत्राबरोबर मानेचा एक रबरी ठोकळा येतो. त्यात हवा भरून हवी तेवढी मान करता येते. रुपेशची मान साडेपंधरा इंच. ते माप तिला वहीत बघावं लागलं नाही. लग्नापासून त्याचे शर्ट तीच शिवत होती.

ठोकळ्यावर गळपट्टी चढेना. ओढून चढवली. गळ्यावर पडणाऱ्या दाबाचा आकडा आला एक्केचाळीस. चालतो तो पंधरापर्यंत.

अकरा वर्षांत रबर आकसलं असेल, तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराला तिनं दोन्ही हातांनी धरलं. यंत्राला रबराचं वय सांगायची सोय होती. तिनं अकरा टाकलं. यंत्रानं क्षणभर हिशेब केला आणि दाखवलं: शिवला त्या वेळचा अंदाज, चौतीस ते अडतीस.

विशाखानं आकडा पुन्हा वाचला. ती तशीच स्टुलावर बसून राहिली. बाहेर कुणीतरी अर्ध्या शटरखालून "वैनी, बंद काय?" विचारून गेलं.

चूक कुठं झाली ते तिला एका दमात दिसलं. दुसऱ्या कुणी ही चूक केलीच नसती. आपल्याकडे शिंप्याला माप अंगावरून कमी आणि कपड्यावरून जास्त देतात. बाई येते, पिशवीतून जुना, अंगात मुरलेला ब्लाउज काढते आणि म्हणते, हा मापाचा, अस्साच शिवा. विशाखा हजारो ब्लाउज असेच शिवत आली होती. रुपेशनंही, एका पर्यटकानं जाताना त्याला दिलेला आणि त्यानं आठ वर्षं वापरलेला लाडका सूट आणून दिला होता, "हेच्यासारखोच होया." तिनं तो उसवला, एकेक तुकडा नव्या रबरावर ठेवला आणि आखला. कापूस असता तर तिला कळलं असतं. धुवून किती आटतो, बाई किती सुटणार, म्हणून शिवणीत आत किती कापड सोडायचं, हे तिच्या बोटांना पाठ. पण रबरही उन्हामिठात वर्षावर्षाला आटतं, आणि सवयीच्या माणसाला ते कळत नाही, कारण रोज थोडंथोडं आटणारं जुनं रबर मऊही होत जातं, हे तिला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तिनं आटलेलं माप उचललं आणि कोऱ्या ताठ रबरात कापलं. वर वेटसूटची शिवण कडेला कड भिडवून चिकटवतात. आत सोडलेलं कापड नसतं, मागाहून उसवून सैल करायला जागाच नसते.

शर्टाची कॉलर मापताना ती टेपच्या आत दोन बोटं घालायची. त्या सुटाला तिनं रुपेशची मान मापलीच नव्हती.

बाबी तांडेल दांडीच्या किनाऱ्यावर होडीच्या सावलीत इंजिन उघडून बसला होता. रुपेश त्या दिवशी जिच्यावरून पाण्यात उतरला ती होडी त्याची. सत्तरीला टेकलेला हा माणूस विशाखाला बघून उठू लागला, तिनं हातानं बसा म्हटलं आणि स्वतः वाळूत बसली.

"बाबी भावजी, एक इचारतंय. खरा सांगा. तो त्या दिसा गळो ओढी होतो?"

बाबीच्या हातातला पाना थांबला. अकरा वर्षं हा प्रश्न यायची वाट बघत असल्यासारखं त्यानं आधी समुद्राकडे बघितलं.

"कोणी सांगल्यान तुका?"

"मी इचारतंय."

"होय. सकाळपासून ओढी होतो. दोन बोटा घालून असो." बाबीनं स्वतःच्या गळ्याशी करून दाखवलं. "एकदा होडयेत बसल्या बसल्याच डोळे फिरवल्यान. मी म्हटलंय, मेल्या, काप तो गळो, सुरी देतंय. तर माका म्हणता कसो, बायलेन तीन राती बसान शिवल्यान हा, मी सुरी लावू? दोन दिस घातलो की येतलो अंगार."

विशाखानं वाळू मुठीत धरली होती. तिला वाटलं, आपण रडू. रडू येईना.

"मगे लोक दारू म्हणत होते तेवा तुमी बोलूक नाय?"

"काय बोलू?" बाबीचा आवाज बारीक झाला. "गळ्यान माणूस मरता ता माका काय म्हायत? पण मनात इला होता. तुझ्या पदराक धरून तां पोर. म्हटला, हेका, बाप तुझो आयेच्या हातान गेलो म्हणण्यापरीस पिऊन गेलो म्हटलेला बरा. मेलेल्याक काय लागता? जित्याक लागता. म्हणान गप रवलंय, वैनी. चुकला आसात माझा."

त्याच्यावर रागवावं की त्याच्या पाया पडावं, हे तिला कळेना. ती उठली, साडी झटकली आणि दुकानाकडे चालू लागली. वाटेभर 'नाही' हा शब्द तिच्याबरोबर चालत होता. दाबायचा फक्त 'नाही'. आकडा हिरवा आहे. पोर सोमवारी कामाला लागेल, लोकांची तोंडं बंद होतील, आणि सूट पुन्हा पेटीत जाईल. गळपट्टी थोडी सैल ठेवून द्यावी, असंही मनात आलं. पण वर सैल ठेवलेली गळपट्टी खाली गेल्यावर धागा आवळणारच. गिऱ्हाइकांना ती हाच गुण रंगवून सांगत आली होती. आणि कधीतरी वीस मीटरखाली, हातात प्रवाळाची रोपं धरलेली असताना, मृण्मयी गळ्याशी दोन बोटं नेईल. मोज्यातली दोन बोटं. हे चित्र डोळ्यांसमोर आलं तशी विशाखा रस्त्यात थांबली. मागून स्कूटरवाला करवादला, तेव्हा ती बाजूला झाली.

चार वाजता मृण्मयी आली, केस विंचरून, ताजीतवानी. "इला काय नेट?"

"इला."

विशाखा पडद्यासमोर बसली आणि तिनं 'होय' दाबलं.

यंत्राला विचार करायला एवढासाही वेळ लागला नाही. हिरवी अक्षरं गेली. 'मान झाकणाऱ्या कोणत्याही सुटासाठी अपात्र. किनारा मंडळाला कळवले.'

"आये!" मृण्मयी ओरडली. "ह्या काय केलंस? चुकान दाबलंस? परत कर, आदी परत कर!"

"चुकान नाय."

"मगे कोण गेला आमच्यात असा? कोण?"

विशाखानं मेजाखालून सूट काढून तिच्यासमोर ठेवला. गळपट्टी अजून ठोकळ्यावरच होती. मग तिनं सांगितलं. जुना सूट, आटलेलं माप, एक्केचाळीस, अडतीस, बाबी तांडेल. काहीही मऊ न करता सांगितलं, कारण एकदा मऊ करायला लागलो तर सगळंच मऊ होऊन जाईल हे तिला माहीत होतं. बोलताना तिला स्वतःचा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटत होता.

मृण्मयी आधी उभी होती, मग भिंतीला टेकली. मध्येच एकदा म्हणाली, "म्हणजे पिऊन नाय?" विशाखा म्हणाली, "थेंब नाय." एवढ्यात दोन पर्यटक दारात आले, बूट मिळतील का विचारू लागले. विशाखानं मानेनंच नाही म्हटलं.

"अकरा वर्सा," मृण्मयी म्हणाली. रडत होती, पण शब्द स्पष्ट होते. "अकरा वर्सा मी ता ऐकलंय. कोणी काय बोलला की मी मान खाली घातलंय. माका पण खरा वाटूक लागला होता, आये. माका बाबाचो राग येई. आणि तू आज... ह्या कामासाठी मी काय काय केलंय तुका म्हायत आसा?"

"आसा."

"आणि तरी दाबलंस."

"तुका पेटयेत घालून ठेवची नाय होती माका," विशाखा म्हणाली. "एक आसा, ता पुरे."

मृण्मयीनं ठोकळ्यावरच्या गळपट्टीला हात लावला. टाक्यांवरून बोट फिरवलं. तिच्या बापाच्या मानेएवढी मान, तिच्या समोर, मेजावर. "घट्ट होता ता तेना तुका एकदा पण सांगल्यान नाय?"

"नाय."

"कित्या?"

"मी शिवलेलो, म्हणान."

मृण्मयीनं डोळे पुसले. पडद्याकडे एकदा बघितलं, 'अपात्र' या शब्दाकडे, आणि नजर वळवली. काचेतून रस्त्यापलीकडची चहाची टपरी दिसत होती. चार वाजले की होड्यांवरची माणसं तिथं जमतात. बाबी तांडेलही आला होता, एका कडेला, हातात कप धरून, दुकानाकडे न बघता.

"माका सांगूचा आसा," ती म्हणाली. "त्या सगळ्यांका. बाबा पिऊन नव्हतो म्हणान. आत्ताच सांगूचा आसा." ती थांबली. "पण तुझा नाव घेवचा लागतला, आये."

विशाखाला या गावात अजून पंचवीस-तीस वर्षं काढायची होती. याच रस्त्यावर, याच पाटीखाली, जिच्यावर तिचं नाव आहे. यापुढे तिच्याकडे माप द्यायला कोण मान पुढे करेल, हाही विचार आला, आणि आला तसा तिनं तो येऊ दिला.

"घे," ती म्हणाली.

मृण्मयीनं गळपट्टी ठोकळ्यावरून ओढून काढली, सूट हातावर टाकला आणि रस्ता ओलांडला. विशाखा शटरखाली येऊन उभी राहिली. बोलणं ऐकू येत नव्हतं. मृण्मयीनं आधी बाबीला काहीतरी विचारलं, बाबीनं कप खाली ठेवून मान हलवली. मग ती बाकीच्यांकडे वळली. तिनं काळी गळपट्टी वर धरून दाखवली, आणि मग दोन बोटं स्वतःच्या गळ्याशी नेऊन दाखवली. टपरीवाल्याचा हातसुद्धा थांबला. कुणीतरी काहीतरी विचारलं असावं, कारण मृण्मयीनं वळून दुकानाकडे बोट केलं.

सगळ्यांनी एकदम इकडे बघितलं. विशाखा दारातून हलली नाही.